आधी कानात, मग गावात

डीजे मिक्सरवरच्या चॅनेलचे नॉब कसे वापरायचे आणि पुढचं गाणं हेडफोनमध्ये आधी कसं ऐकायचं, एवढ्याच विषयावरची ही पुस्तिका आहे. विषय मूठभर वाटेल. बेस किती लावावेत, टॉप कुठले घ्यावेत, जनरेटर कितीचा लागेल, यावर सीमाभागातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर तासभर बोलणारी पोरं भेटतात. मिक्सरचा विषय निघाला की मात्र बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. आवाज वाढवायचा तर फेडर वर, कमी करायचा तर खाली. बाकीचे नॉब कंपनीने दिलेत म्हणून आहेत. ज्या यंत्रावर सगळ्या रात्रीचा रंग ठरतो, त्याच्याबद्दल आपण इतकं कमी बोलतो, म्हणून या पुस्तिकेचा घाट घातला.

पुस्तिकेतली उदाहरणं सदलग्याची आणि आसपासची आहेत. सदलगा हे कर्नाटकातल्या चिक्कोडी तालुक्यातलं दूधगंगेकाठचं गाव. आचार्य विद्यासागर यांचं जन्मगाव म्हणून देशभरातले जैन भाविक त्याला ओळखतात. एका अंगाला निपाणी, दुसऱ्या अंगाला नदीपलीकडे महाराष्ट्रातला शिरोळ तालुका आणि इचलकरंजी. इथल्या ऑपरेटरचं वर्ष महावीर जयंती, आंबेडकर जयंती, बसव जयंती, शिवजयंती, कर्नाटकी बेंदूर, गणपती, गावोगावचे उरूस आणि या सगळ्यांच्या मधे दाटीवाटीने बसलेली लग्नं यांत जातं. एकाच वरातीत नवरदेवाकडचे शिरोळ तालुक्यातले आणि नवरीकडचे चिक्कोडीचे असतात. मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी एकामागून एक लावावी लागतात आणि प्रत्येकाची लय, ठेका, रेकॉर्डिंगचा आवाज वेगळा. पुण्या-मुंबईच्या क्लबात एकाच धाटणीची गाणी रात्रभर वाजवणाऱ्या डीजेपेक्षा हे काम अवघड आहे, हे आपल्या पोरांना कोणी सांगितलेलं नाही.

त्यात पावसाळा. दूधगंगेचं पाणी चढलं की मलिकवाड-दत्तवाड, एकसंबा-दानवाड हे पूल पाण्याखाली जातात आणि सिस्टीमचा टेम्पो लांबच्या वाटेने वळसा घालून पोचतो. उशीर झाला की पहिली काट बसते ती आवाज तपासण्याच्या वेळेला. स्पीकर रचले, वायरी जोडल्या, लगेच पहिलं गाणं. मग पुढचे दोन तास ऑपरेटर चालत्या मिरवणुकीतच चाचपडत राहतो. गाणं बदलताना मधेच अर्धा सेकंद सगळं बंद पडतं, किंवा नवं गाणं आधीच्यापेक्षा दुप्पट मोठ्याने अंगावर येतं, किंवा दोन ठेके एकमेकांच्या पायात पाय घालतात. नाचणारी पोरं वर केलेले हात तसेच ठेवून टेम्पोकडे बघतात. त्या क्षणी दोष स्पीकरचाही नसतो आणि अॅम्पचाही नसतो. ऑपरेटरने नवं गाणं स्वतः ऐकण्याआधी गावाला ऐकवलं, एवढंच झालेलं असतं.

या पुस्तिकेचं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आहे. डीजे मिक्सर हे आवाज मोठा करायचं यंत्र नाही, ते काम अॅम्पचं. मिक्सर हे आधी ऐकायचं यंत्र आहे. त्याचा इतिहासही तेच सांगतो.

भोंगा आणि तबकडीच्या काळात एक गाणं संपलं की सुई उचलायची, तबकडी बदलायची, तोवर मांडवात शांतता. कुणाची तक्रार नव्हती, कारण त्या शांततेत अक्षता वाटून व्हायच्या. सलग नाच सुरू झाला तेव्हा ही फट खुपू लागली. न्यूयॉर्कच्या सँक्चुअरी या क्लबमध्ये १९७०च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो हा डीजे एक तबकडी लोकांना ऐकवत असताना दुसरी हेडफोनमध्ये ऐकून तयार ठेवायचा आणि दोन्हींचे ठोके जुळवून एकातून दुसरीत जायचा. त्याच सुमारास अॅलेक्स रोझनर या ध्वनितंत्रज्ञाने हेवन नावाच्या क्लबसाठी एक मिक्सर हाताने बांधला. त्या मिक्सरला सगळे ‘रोझी’ म्हणत. पाठोपाठ बोझॅक कंपनीचा सीएमए-१०-२डीएल हा मिक्सर बाजारात आला आणि क्लबांमध्ये वर्षानुवर्षं टिकला. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात ग्रँडमास्टर फ्लॅश या पोराकडे असा मिक्सर घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने साधा दोन बाजूंचा स्विच लावून स्वतःच हेडफोनची सोय केली. एका बाजूला स्विच टाकला की पहिली तबकडी कानात, दुसऱ्या बाजूला टाकला की दुसरी. दोन चॅनेलमध्ये आडवा सरकणारा क्रॉसफेडर १९७७ मध्ये सिट्रॉनिक या इंग्लिश कंपनीसाठी रिचर्ड वॉडमन यांनी आणला. क्लबवाल्याची आणि गल्लीतल्या पोराची गरज एकच होती. गर्दीला कळू न देता पुढचं गाणं आपण आधी ऐकायचं.

आपल्याकडे हा मधला टप्पा जवळजवळ वगळलाच गेला. कॅसेट आणि सीडीवरून आपण थेट लॅपटॉपवर आलो. व्हर्च्युअल डीजेसारखं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमधून मित्राकडून मित्राकडे गेलं आणि पडद्यावर गाण्याच्या रंगीत लाटा दिसू लागल्या. लाट दिसते, आकडा दिसतो, मग कान कशाला लावायचा? हेडफोन गळ्यात अडकवून फोटो काढण्यापुरता उरला. दुसरीकडे कोल्हापूर-सांगलीकडून आलेली डॉल्बी दरवर्षी उंच होत गेली. स्पीकरची भिंत वाढली आणि ऐकणारा कान मागे पडला.

आता मिक्सरकडे वळू. कुठल्याही कंपनीचा घ्या, चॅनेलची उभी पट्टी वरून खाली वाचायची असते, कारण गाण्याचा सिग्नल साधारण त्याच क्रमाने वाहतो. सगळ्यात वर ट्रिम, म्हणजेच गेन. त्याखाली हाय, मिड, लो हे इक्वलायझरचे तीन नॉब. मग क्यू बटण. तळाशी फेडर. सगळी चॅनेलं एकत्र होऊन मास्टरला जातात आणि तिथून अॅम्पकडे. ट्रिम आणि फेडर दोन्ही आवाज कमी-जास्त करतात, तर मग दोन कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवा मुलगा विचारतो. उसाला पाणी पाजणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोटारीजवळचा व्हॉल्व्ह वेगळा आणि सरीचं तोंड वेगळं. व्हॉल्व्ह बेतात असेल तर सरीच्या तोंडाशी पायाने माती सारून पाणी हवं तसं वळवता येतं. व्हॉल्व्हच सताड उघडा असेल तर पाट फुटतो, मग सरीचं तोंड कितीही बांधा. ट्रिम हा व्हॉल्व्ह आहे. तो गाणं सुरू होण्याआधी एकदा ठरवायचा. फेडर हा हाताखालचा, सतत हलणारा.

ट्रिम नेमका कुठे ठेवायचा, हे चॅनेलच्या मीटरवर कळतं. गाण्यातला सगळ्यात जोरकस भाग लावून पाहायचा. हिरवे दिवे पुढे-मागे नाचावेत, पिवळे अधूनमधून लागावेत, लाल लागू नये. लाल दिवा म्हणजे जोर, असा समज आपल्याकडे पक्का आहे. प्रत्यक्षात लाल म्हणजे लाटेचं टोक कापलं जातंय. मिक्सरमध्ये एकदा टोक कापलं गेलं की पुढे आवाज कितीही खाली आणा, ते कापलेलंच राहतं. अशी चपटी लाट अॅम्पमधून मोठी होऊन हॉर्नकडे गेली की डायफ्रॅमची कॉइल तापते आणि एखाद्या रात्री जळते. मग दोष कंपनीला दिला जातो. त्यात जुनं चित्रपटगीत आणि अलीकडचं रिमिक्स यांच्या आवाजात मोठी तफावत असते. ट्रिमने ती आधीच भरून काढली नाही, तर गाणं बदललं की फेडरची धावाधाव सुरू होते.

वॅटचंही तसंच आहे. अॅम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ढोबळमानाने दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. हे गणित कळलं की आणखी चार बेस भाड्याने आणण्याआधी ट्रिम नीट बसवायची बुद्धी होते. पुस्तिकेचं दुसरं प्रकरण एवढ्यासाठीच आहे.

क्यू बटणाची खुबी अशी की ते फेडरच्या अलीकडून आवाज उचलतं. फेडर पूर्ण खाली, बाहेर त्या गाण्याची चाहूलही नाही, आणि तुमच्या कानात मात्र ते पूर्ण वाजतंय. ट्रिम आणि इक्वलायझर क्यूच्या आधी येत असल्याने त्यांचे बदलही हेडफोनमध्ये ऐकू येतात. हेडफोनजवळ आणखी दोन नॉब असतात. एक हेडफोनच्या आवाजाचा, दुसरा क्यू आणि मास्टर यांच्या मिश्रणाचा. हा दुसरा नॉब आपल्याकडे क्वचितच कुणी हलवतो, आणि मिरवणुकीत त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते.

कारण असं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे प्रत्येक मीटरला तीन मिलिसेकंद. स्पीकरची गाडी पुढे आणि ऑपरेटर वीस मीटर मागे असेल, तर बाहेरचं गाणं त्याच्यापर्यंत ६० मिलिसेकंद उशिरा पोचतं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. उशीर झाला तो एका ठोक्याच्या आठव्या हिश्शाएवढा. बाहेरच्या उशिरा आलेल्या आवाजाशी हेडफोनमधलं नवं गाणं जुळवलं, तर ते मूळ गाण्याच्या तेवढंच मागे बसतं आणि ‘धाड’ऐवजी ‘धडाड’ ऐकू येतं. शिवाय स्पीकरच्या भिंतीमागे उभ्या असलेल्याला बेसचा दणका मिळतो, टॉपचा बारीक आवाज मिळत नाही. अरुंद गल्लीत समोरच्या घरावरून परत येणारा आवाज वेगळाच. म्हणून मिश्रणाचा नॉब मधोमध आणायचा, चालू आणि नवं दोन्ही गाणी हेडफोनमध्येच ऐकायची आणि तिथेच जुळवायची. काही मिक्सरवर एका कानात क्यू आणि दुसऱ्यात मास्टर देणारा स्विच असतो, तोही चालतो. लॅपटॉपवाल्यांनी मात्र साउंड कार्डला दोन स्वतंत्र स्टिरिओ आउटपुट आहेत का, हे आधी पाहावं. एकच असेल तर क्यू मिळणारच नाही. तात्पुरती सोय म्हणून वाय पिनने एक बाजू अॅम्पला आणि एक बाजू हेडफोनला देतात. आवाज मोनो होतो, पण आंधळं गाणं लावण्यापेक्षा ते बरं.

एक बदल जवळून पाहू. वरात बाजारातून चालली आहे. पहिल्या चॅनेलवर हलगीच्या ठेक्याचं मराठी गाणं. नवरीकडचा एक पोरगा गाडीला लटकून ओरडतो, “अण्णा, ओंद कन्नड हाड हाक्री!” दुसऱ्या चॅनेलवर कन्नड गाणं घ्या. त्याचा फेडर खाली आहे ना, ते पाहा. दुसऱ्याचं क्यू दाबा. हेडफोनचा एक कप कानावर ठेवून सुरुवात ऐका. नुसती हवा आहे की ठेका पहिल्याच मात्रेपासून आहे? जोरकस भागावर जाऊन ट्रिम बसवा, मीटर पहिल्या चॅनेलएवढं आणा, पुन्हा सुरुवातीला या. मिश्रणाचा नॉब मधे आणा. वेग जुळवा, पहिल्या ठोक्यावर सोडा, जॉगला बोट लावून पुढे-मागे करत दोन्ही ठोके एक होईपर्यंत थांबा. आता दुसऱ्याचा लो पूर्ण खाली. फेडर हळूहळू वर. लोकांना नव्या गाण्याची चाहूल लागते, पण पायाखालचा बेस अजून जुन्याचाच आहे. ओळ संपते त्या मात्रेला पहिल्याचा लो खाली आणि दुसऱ्याचा लो वर, दोन हातांनी एकदम. बेसची अदलाबदल झाली की पहिल्याचा फेडर निवांत खाली आणा. दोन्ही बेस एकत्र ठेवले असते तर आवाज तिप्पट छान झाला नसता, फक्त लिमिटरचे लाल दिवे पेटले असते. हे सगळं एका मिनिटात होतं, आणि त्या मिनिटातला बराच वेळ ऐकण्यात जातो.

सॉफ्टवेअरमधलं सिंक बटण हे काम आपोआप करतं, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. कॉम्प्युटरवर घड्याळाला बांधून केलेल्या गाण्यांसाठी सिंक चोख चालतं. पण हलगी, घुमकं, कैताळ एकत्र वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग, करडी मजल, धनगरी ढोल, जुनी चित्रपटगीतं ही माणसांनी हाताने वाजवलेली आहेत. वादक रंगात आला की लय चढते, मग थोडी उतरते. सॉफ्टवेअर बहुतेकदा सगळ्या गाण्यावर एकाच वेगाच्या सरळ रेघा आखतं आणि तिसऱ्या मिनिटाला ठोका रेघेवर नसतो. सहा मात्रांच्या ठेक्यातलं गाणं चार मात्रांच्या डान्स गाण्याशी तर सिंकने नीट बसत नाही. कधी पडद्यावरचा आकडा खऱ्या वेगाच्या निम्मा किंवा दुप्पट येतो. अशा वेळी ठोके जुळवायचा हट्टच सोडावा. लांबलेला सूर, ढोलाचा शेवटचा तोडा किंवा लोकांची आरोळी पकडून त्या जागी सरळ बदल करावा. ती जागा शोधायचं साधन पुन्हा हेडफोनच. आपल्या भागातली गाणी सिंकला दाद देत नाहीत, म्हणूनच आपल्या ऑपरेटरचा कान इतरांपेक्षा तयार हवा.

तो कान टिकायलाही हवा. बाहेर दणदणाट असला की हेडफोन आणखी मोठा करावासा वाटतो आणि तिथेच नुकसान होतं. अमेरिकेच्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. ९१ ला दोन तास, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. म्हणून कान झाकून घेणारे, बंद पाठीचे हेडफोन घ्यावेत, म्हणजे कमी आवाजातही ऐकू येतं. जुळवणी झाली की ते काढून ठेवावेत. कानात बोळे घालून काम करणाऱ्याला हसू नये. पन्नाशीतही या धंद्यात राहायचा विचार त्याने केलाय.

कायद्याबद्दल थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम केंद्राचे आहेत, त्यामुळे दूधगंगेच्या दोन्ही काठांवर तेच लागू होतात. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पोलीस सिस्टीम बंद करायला येतात तेव्हा ऑपरेटर पुढे आणि मंडळ मागे असतं, म्हणून हे आकडे त्याला पाठ हवेत. नीट बसवलेला, न फाटलेला आवाज कमी पातळीवरही भरलेला वाटतो, हे पहिल्या तीन प्रकरणांचा सराव केलेल्याला आपोआप कळेल. डॉल्बी असावी की नसावी, हा वाद गावाने चालवावा. सिस्टीम लागणारच असेल, तर ती चालवणाऱ्याला ती येत असावी, एवढाच या पुस्तिकेचा आग्रह आहे.

पुस्तिकेत काय नाही, तेही सांगायला हवं. स्पीकरची जोडणी, क्रॉसओव्हर, अर्थिंग, जनरेटर हे विषय मुद्दाम वगळले आहेत. त्यांत विजेचा धोका आहे आणि ते जाणत्या माणसाच्या हाताखाली राहूनच शिकावेत. स्क्रॅचिंग नाही, इफेक्टचे नॉब शेवटच्या चार पानांत उरकले आहेत. क्रॉसफेडरवर एक छोटं प्रकरण आहे आणि त्याचा सल्ला असा की मिरवणुकीत चॅनेल क्रॉसफेडरला जोडूच नये. गर्दीत कुणाचा हात लागला की गाणं गायब होतं. माइकच्या चॅनेलला मात्र दोन प्रकरणं दिली आहेत. मंडळाच्या अध्यक्षांची घोषणा स्पष्ट ऐकू जाणं, माइकची शिट्टी न होणं आणि मागून रुग्णवाहिका आली की एका हाताने गाण्याचा फेडर खाली आणून दुसऱ्याने माइक वर करणं, हीही ऑपरेटरचीच कामं आहेत.

भाषेत गेन, क्यू, फेडर, लो हे शब्द तसेच ठेवले आहेत, कारण मिक्सरवर तेच छापलेले असतात आणि बोलण्यातही तेच आहेत.

पुस्तिका वाचताना समोर मिक्सर असावा. नसेल तर लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर आणि साधा कंट्रोलर चालेल, पण हेडफोनला पर्याय नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव दिला आहे आणि तो सगळा अॅम्प बंद ठेवून करायचा आहे. एक जुनं गाणं आणि एक नवं गाणं घ्या, डोळे मिटून दोघांचा आवाज ट्रिमने सारखा करा, मग डोळे उघडून मीटर पाहा. कान आणि मीटर यांचं एकमत होऊ लागलं की पुढच्या प्रकरणाकडे जा. घाई नको.

शेवटी दोन शब्द मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी आणि लग्नघरच्या मंडळींसाठी, कारण ही पुस्तिका त्यांच्याही हातात पडावी अशी इच्छा आहे. सिस्टीम ठरवताना बेस किती, हे विचाराच. पण मिक्सरवर कोण बसणार आणि तो हेडफोन लावतो का, हेही विचारा. मिरवणुकीआधी त्याला अर्धा तास मोकळा द्या. गाण्यांची फर्माईश आदल्या दिवशी द्या, म्हणजे ती त्याने ऐकून ठेवलेली असेल. भाड्यातले चार पैसे स्पीकरऐवजी माणसाला द्यायची वेळ आली, तर खुशाल द्या. रात्र चांगली जाते ती त्याच्यामुळे.